तेल आणि लिंबाची बट्टी

झाकणाची एक छोटी पारदर्शक बाटली घ्या. तिच्यात तीन चमचे तेल आणि एक चमचा लिंबाचा रस घाला. झाकण घट्ट लावा आणि हात दुखेपर्यंत हलवा. झालं एकजीव? आता बाटली ओट्यावर ठेवा आणि गंमत बघा. थोड्याच वेळात तेल वर, रस खाली. दोघांची पुन्हा कट्टी!

असं का होतं? लिंबाच्या रसात बहुतेक पाणीच असतं. पाण्याच्या रेणूला एका बाजूला किंचित धन आणि दुसऱ्या बाजूला किंचित ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे हे रेणू एकमेकांना ओढून धरतात. तेलाच्या रेणूंवर असे भार जवळजवळ नसतातच. मग पाण्याचे रेणू आपापसातच घट्ट राहतात आणि तेल बाजूला पडतं. ते वरच का जातं? कारण ते हलकं असतं. एक लिटर पाणी १ किलो भरतं, तर एक लिटर तेल साधारण ९२० ग्रॅम.

सॅलडवर घालायचं ड्रेसिंग म्हणजे मुळात हेच: तेल आणि काहीतरी आंबट. पण दोघं वेगळे राहिले, तर काकडीची एक फोड तेलकट आणि दुसरी आंबटढाण. म्हणून बट्टी करून देणारा कुणीतरी हवा. तो तुमच्या मिसळणाच्या डब्यातच बसलाय. ओळखलंत? मोहरी!

तिची करामत बघायला इंदुरात चला. तिथे होळकरांच्या काळापासून मराठी घरं आहेत. सकाळी पोह्यांवर शेव आणि जिरावण मसाला भुरभुरवणाऱ्या या घरांत दुपारच्या ताटात कोशिंबीरही असते. तिच्यावर तडतडणारी फोडणी तुम्ही ऐकलीच असेल. गरम तेलात दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि दाणा फट्‌कन फुटतो. पण आपल्या आज्या मोहरीची आणखी एक करामत जाणतात: मोहरी फेसणं.

चमचाभर मोहरी खलबत्त्यात कुटा. वास घ्या. फारसा नाही ना? आता थोडं गार पाणी घालून घोटत राहा. मिश्रण फेसाळ, पिवळसर होईल, आणि मग एकदम नाकात असा झणका बसेल की डोळ्यांतून पाणी! मोहरीच्या दाण्यात दोन पदार्थ वेगवेगळे ठेवलेले असतात. दाणा चिरडला आणि पाणी मिळालं की ते भेटतात आणि तिखट झणका तयार होतो. दाणा कुरतडणाऱ्या किड्यांना पळवायची ही मोहरीची युक्ती! हे काम घडवून आणतो त्या दोघांतलाच एक: मायरोसिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम. उष्णतेनं ते निकामी होतं, म्हणून पाणी गार हवं आणि म्हणूनच फोडणीतली मोहरी झणझणत नाही. आंबटानंही त्याचं काम मंदावतं, म्हणून लिंबू जरा थांबून पिळा. आणि हो, मोहरीचा हात डोळ्यांना लावायचा नाही!

आता ही फेसलेली मोहरी, लिंबाचा रस आणि चवीला मीठ-साखर एका वाडग्यात घ्या. एका हातानं भराभर फेटा, दुसऱ्या हातानं तेलाची बारीक धार सोडा. मिश्रण दाट आणि फिकट होत जाईल. तेलाचे बारीक बारीक थेंब झालेत आणि ते प्रकाश चहूकडे विखुरतात, म्हणून रंग फिकटला. मोहरीच्या सालीतला बुळबुळीत पदार्थ, दाण्यातली प्रथिनं आणि बारीक कण या थेंबांभोवती जमतात आणि त्यांना लवकर एकत्र येऊ देत नाहीत. अशा मिश्रणाला पायस किंवा इमल्शन म्हणतात. दूधही पायसच आहे बरं का! त्यात पाण्यात स्निग्धाचे थेंब तरंगत असतात.

बाजारातल्या कितीतरी पदार्थांत मात्र हे बट्टीचं काम दुसराच गडी करतो, आणि तो इंदूरच्या आसपासच पिकतो. पावसाळ्यात इंदुरातून बाहेर पडा. माळव्याच्या काळ्या मातीत दूरवर हिरवंगार सोयाबीन! देशात सोयाबीन पिकवण्यात मध्य प्रदेश आघाडीवर असतो. सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही १९८७ पासून इंदुरातच आहे.

सोयाबीनमध्ये साधारण २० टक्के तेल असतं. कारखान्यात कच्च्या तेलात थोडं पाणी मिसळतात. तेलातला एक चिकट भाग ते पाणी पितो, फुगतो आणि वेगळा काढता येतो. त्यातून मिळतं लेसिथिन. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि उरलेला भाग तेलात रमतो. दोघांचाही दोस्त! म्हणजे पाहा, तेल स्वच्छ करताना जे बाजूला काढलं, तेच तेल आणि पाणी जुळवायला कामी येतं.

आता तुमच्यासाठी काम. आणखी तीन बाटल्या घ्या. प्रत्येकीत तेल आणि लिंबू तेवढंच. एकीत फेसलेली मोहरी घाला, दुसरीत दही, तिसरीत मध. सारखाच वेळ हलवा आणि कुठल्या बाटलीतलं मिश्रण किती वेळ वेगळं होत नाही ते वहीत लिहा. मग घरातली चॉकलेटं आणि बिस्किटांचे पुडे उलटे करून बारीक अक्षरांत ३२२ हा आकडा शोधा. तो लेसिथिनचा नंबर. शेजारी सोया लिहिलंय की सूर्यफूल, तेही वाचा. सोया असेल, तर कोण जाणे, माळव्यातलंच असायचं!