पंगतीत कसाला लागलेले स्वातंत्र्य

रोमन साम्राज्याच्या सिरिया प्रांताची राजधानी असलेल्या अंत्युखियात, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला, येशूला मसीहा मानणारे यहुदी आणि यहुदी नसलेले परराष्ट्रीय एकत्र जेवत असत, आणि येशूचा पट्टशिष्य पेत्रही त्यांच्या पंगतीला बसे. यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख याकोब याच्याकडची काही माणसे आली तेव्हा मात्र पेत्र वेगळा बसू लागला, त्याच्यामागोमाग पौलाचा सहकारी बर्णबाही उठला, आणि परराष्ट्रीयांत येशूचा प्रचार करणाऱ्या पौलाने पेत्राला सर्वांदेखत जाब विचारला. हा प्रसंग पौलानेच गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात नोंदवला आहे.

वादाचे मूळ नियमशास्त्रात, म्हणजे मोशेच्या द्वारे मिळालेल्या म्हणून यहुदी परंपरा मानते त्या आज्ञांच्या संहितेत होते. सुंता, शब्बाथ म्हणजे आठवड्याचा विसावा, आणि भक्ष्याभक्ष्याचे निर्बंध ही यहुदी जीवनाची ओळख. तेव्हा परराष्ट्रीय श्रद्धावंतांनीही सुंता करून घ्यावी, असा आग्रह गलतियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, काही उपदेशकांनी धरला. पौलाचे उत्तर असे, की यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याला मिळालेले वचन नियमशास्त्राच्या ४३० वर्षे आधीचे असून ते श्रद्धेवर उभे आहे. नियमशास्त्र हे लहान मुलाची ने-आण करणाऱ्या आणि त्याला शिस्त लावणाऱ्या गुलामासारखे असून, मुलगा वयात आला की त्या राखणदाराचा अधिकार संपतो. या युक्तिवादाच्या आधारे पुढे यहुदी धर्मालाच गुलामगिरी ठरवले गेले, हा मोठा अन्याय होय. पौल स्वतः यहुदी होता आणि वाद यहुदी परंपरेच्या आतलाच होता.

याहून अवघड प्रश्न करिंथमध्ये उभा राहिला. ग्रीक शहरांत देवळांत बळी दिलेल्या जनावरांचे मांस बाजारातही विकायला येई, आणि मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, मग त्या मांसाचा विटाळ कसला, असे तेथील काही ख्रिस्ती मंडळींचे म्हणणे होते. पौलाला हा तर्क मान्य होता, मात्र देवळातल्या पूजाभोजनात सहभागी होणे मान्य नव्हते. बाजारातून मांस घ्यावे, चौकशी करू नये, कोणी जेवायला बोलावले तर वाढलेले खावे, असे तो मोकळेपणाने सांगतो. पण हे नैवेद्याचे आहे असे कोणी बोलून दाखवले, तर त्या सांगणाऱ्याच्या सदसद्विवेकासाठी हात आवरावा, आणि दुबळ्या मनाचा बांधव आपल्या खाण्याने डळमळणार असेल तर आपण मांस कधीच खाणार नाही, असेही म्हणतो.

सुंतेच्या याच वादावर यरुशलेमात झालेल्या बैठकीने परराष्ट्रीयांना सुंतेतून मोकळे करून मूर्तींचा नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म एवढेच वर्ज्य ठरवल्याचे ‘प्रेषितांची कृत्ये’ हा ग्रंथ सांगतो. पौलाच्या पत्रांत या ठरावाचा उल्लेखही नाही, आणि करिंथकरांना आवरताना तो मुख्यतः आधार घेतो तो सोबत जेवणाऱ्या माणसाचा. त्याच्या विचाराचे मोठेपण येथेच दिसते. सक्ती होत असल्याचे दिसताच आपला ग्रीक सहकारी तीत याच्या सुंतेला ठाम नकार देणाऱ्या पौलाने, यहुदी आईच्या पोटी जन्मलेला दुसरा सहकारी तीमथ्य याची सुंता त्या भागातील यहुद्यांसाठी स्वतः केली, असे तोच ग्रंथ नोंदवतो.