जुनी नोट विकण्याआधी वाचा

घरातल्या जुन्या पेटीत, कुराणशरीफच्या जुजदानात किंवा दादीच्या बटव्यात एखादी जुनी नोट सापडली की पहिला प्रश्न निघतो, "हिचे किती येतील?" प्रश्न गैर नाही. पण आम्हाला वाटते, तो दुसरा असावा. पहिला प्रश्न असा, की ही नोट कोणी काढली, कोणासाठी काढली आणि ती आपल्या घरी कशी आली? महाराष्ट्रातल्या मुस्लिम घरांना हे विचारायला खास कारण आहे. निदान दोन प्रकारच्या नोटा थेट आपल्या वाडवडिलांच्या हातांतून गेल्या आहेत.

पहिली हज नोट. 1950 च्या दशकात कुवेत, बहरीन, कतारच्या बाजारात भारताचाच रुपया चालत असे. तिकडून चोरट्या मार्गाने सोने भारतात येई, त्याच्या मोबदल्यात रुपयाच्या नोटा बाहेर जात आणि बँकांमार्फत परत आल्या की सरकारला आपल्या गंगाजळीतून पौंड मोजावे लागत. ही गळती थांबवण्यासाठी 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखाती देशांसाठी वेगळ्या नोटा काढल्या. त्याच वर्षी हजला जाणाऱ्यांसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा निघाल्या. दहाची निळी, शंभराची लाल. क्रमांकाआधी 'एच ए' ही इंग्रजी अक्षरे. या नोटा देशातल्या बाजारासाठी नव्हत्या. सौदी अरबस्तानात पोचून त्या देऊन रियाल घ्यायचे, एवढेच त्यांचे काम.

त्याआधी, 1953 मध्ये, सौदी अरबस्ताननेही हाजींसाठी कागद काढला होता. तिथे तेव्हा चांदीचे रियाल चालत. परक्या मुलखात नाण्यांची जड थैली सांभाळणे हाजींना अवघड जाई. म्हणून तिथल्या मध्यवर्ती बँकेने 'हज पावत्या' दिल्या आणि त्यांवरचा मजकूर अरबीबरोबर उर्दू, फारसी, तुर्की, मलय आणि इंग्रजीतही छापला, म्हणजे जो तो आपल्या भाषेत वाचू शकेल. या पावत्या इतक्या सोयीच्या ठरल्या की स्थानिक लोकही त्या वापरू लागले. तिथल्या रीतसर नोटा त्यानंतर, 1961 मध्ये आल्या. कागदी पैशाची सवय त्या देशाला लागली ती हाजींच्या पावतीमुळे.

आता या दोन कागदांवरची चित्रे पाहा. आपल्या दहाच्या हज नोटेच्या मागे शिडाचे गलबत आहे. सौदीच्या दहा रियालच्या एका पावतीवर जिद्दा बंदरातली शिडाची गलबते आहेत. हाजी तोवर मुंबईहून आगबोटीने जाऊ लागले होते, तरी रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या माणसाला ती शिडे घरचीच वाटली असतील.

हज नोट आज फार दुर्मीळ आहे आणि कारण साधे आहे. ती जपून ठेवायला कोणी नेलीच नव्हती. राहणे, खाणे, कुर्बानी यांसाठी ती मोडली गेली. अलीकडे लंडनच्या एका लिलावात शंभराची एक हज नोट पन्नास लाख रुपयांहून अधिक किमतीला गेली. ज्यांनी ती कमरेच्या पट्ट्यात बांधून नेली, त्यांच्या घरी मात्र बहुधा एकही उरलेली नाही.

दुसरी नोट मराठवाड्यातल्या वाचकांच्या ओळखीची. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद हे जिल्हे निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याने 1918 मध्ये कायदा करून स्वतःच्या नोटा काढल्या. चलनाचे नाव 'उस्मानिया सिक्का'. आधी त्या लंडनच्या वॉटरलो अँड सन्स या छापखान्यातून येत आणि 1940 पासून आपल्या नाशिकला छापल्या जाऊ लागल्या. नोटेवर उर्दूबरोबर इंग्रजी, तेलुगू, कन्नड आणि मराठीही आहे. काही नोटांवर 'हैदर नवाज जंग' अशी सही दिसते. हे मुंबईत जन्मलेले सर अकबर हैदरी.

अशी जुनी नोट भिंगाखाली धरली तर आणखी एक जग दिसते. त्या काळच्या उत्तम नोटांसाठी कारागीर पोलादी पत्र्यावर हाताने, उलट्या दिशेने रेघा कोरत असे. खोल रेघ जास्त शाई धरते आणि गडद उमटते, उथळ रेघ फिकी. चेहऱ्याची सावली, कापडाची चुणी, सारे या रेघांच्या जाडी आणि अंतरातून उभे राहते. कडेची जाळीदार नक्षी वेगळ्या यंत्रावर आखली जाई, कारण तिची नक्कल हाताने करणे जवळजवळ अशक्य. छापताना पत्र्यावरची शाई पुसून फक्त रेघांतली ठेवत आणि कागद जोराने दाबत. म्हणून अशा नोटेवर बोट फिरवले की छपाई किंचित उठलेली लागते. मुलांना हे एकदा दाखवा, ती तासभर भिंग सोडणार नाहीत.

नोट जपायची तर थोडे नियम पाळा. ती धुऊ नका, इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. या हौशी दुरुस्त्यांनी नोटेची किंमत आणि आयुष्य दोन्ही घटते. चांगल्या पॉलिस्टर पाकिटात, ओल आणि उन्हापासून दूर ठेवा. 2016 मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा मात्र दहाहून जास्त जवळ ठेवता येत नाहीत. अभ्यास किंवा संग्रहासाठी ही मर्यादा पंचवीस आहे. 'जुनी नोट द्या, लाखो मिळवा, आधी थोडे शुल्क भरा' असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारात नाही आणि त्यासाठी कोणाकडून शुल्कही घेत नाही, हे बँकेनेच 2021 मध्ये जाहीर केले आहे. नोटांचा इतिहास पाहायचा असेल तर मुंबईत फोर्ट भागात सर फिरोजशहा मेहता मार्गावर बँकेचे चलन संग्रहालय आहे.

आणि एक काम याच आठवड्यात करा. घरात जुनी नोट असेल तर थोरल्यांजवळ बसा. ती कोणाची होती, कुठून आली, तेव्हा तिच्यात काय काय येई, ते विचारा आणि वेगळ्या कागदावर तारखेसह लिहून पाकिटाबरोबर ठेवा. नोटेचा बाजारभाव दहा वर्षांनीही विचारता येईल. दादाजान आणि नानीजान यांना विचारायचे ते आजच विचारून घ्या.