कारण न कळता पाळलेली आज्ञा

लेखमाला : दुःख आणि विश्वास
लेखांक पाचवा

मागच्या आठवड्यात आपण कारण सांगता येणाऱ्या दुःखाचा विचार केला. दारूनं मोडलेला संसार, व्याजात बुडालेली जमीन, जातीमुळे नाकारलेलं पाणी. या दुःखांमागे माणसं असतात, त्यांची करणी असते. तिथे विश्वासणाऱ्याचं काम ठरलेलं आहे : अन्यायाला आडवं जायचं. अशा दुःखाला ‘देवाची इच्छा’ म्हणून झाकणं हे पापच, असंही आपण पाहिलं.

आज त्याहून अवघड प्रश्न घेऊ. धडधाकट पोर दोन दिवसांच्या तापानं जातं. सगळी मंडळी गुडघे टेकून प्रार्थना करते, तरी आईचा कॅन्सर हटत नाही. इथे बोट कुणाकडे दाखवायचं? बीदर, भालकी, हुमनाबाद, कलबुर्गीच्या मंडळ्यांत हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या घरी उभा असतोच. आणि आपण फार घाईनं त्याचं उत्तर देऊन मोकळे होतो. ‘बाई, विश्वासात कुठंतरी कमी पडलं असेल.’ ‘देव परीक्षा घेतोय.’ ‘त्याला चांगली माणसं लवकर हवी असतात.’ बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण ऐकणाऱ्याच्या दुःखात या उत्तरांनी भरच पडते.

पवित्र शास्त्रात या घाईवर एक पूर्ण पुस्तक आहे. ईयोब नीतिमान होता, हे पुस्तक पहिल्याच वाक्यात सांगून टाकतं. एका दिवसात त्याची गुरंढोरं गेली आणि वादळात घर कोसळून दहाही मुलं दगावली. पुढे अंगभर गळवं उठली. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र भेटायला आले. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. त्यांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट तीच. मग ईयोबानं तोंड उघडून आपल्या जन्मदिवसालाच शाप दिला, आणि मित्रांना राहवलं नाही. तू पाप केलं असशील, तुझ्या मुलांनी केलं असेल, देव उगाच कुणाला शिक्षा करत नाही, असा वाद सुरू झाला. हा वाद अध्यायामागून अध्याय चालतो.

शेवटी देव वावटळीतून बोलतो, पण कारण सांगत नाही. तो ईयोबाला पृथ्वीच्या पायाबद्दल, ताऱ्यांबद्दल, रानगाढवाबद्दल, ससाण्याबद्दल विचारतो. पुस्तक संपतं तरी आपल्यावर हे का ओढवलं, ते ईयोबाला कळलेलं नसतं. इथे दोन गोष्टी नीट लक्षात घेण्यासारख्या आहेत. देवाचा राग देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर होत नाही. तो देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या त्या मित्रांवर होतो, कारण ते त्याच्याविषयी खोटं बोलले. आणि ईयोबाच्या वाट्याला पहिलं काम येतं ते याच मित्रांसाठी प्रार्थना करण्याचं. मुलं परत आलेली नसतात, अंगाचा दाह थांबल्याचं कुठे लिहिलेलं नसतं. तशात तो आपल्यावर आरोप करणाऱ्यांसाठी प्रार्थना करतो, आणि त्याचे दिवस पालटतात ते त्यानंतर. कारण न कळता पाळलेली आज्ञा ती हीच.

कोसळलेल्या घराची गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या आत, किल्लारी भूकंपानं हादरली. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं नुकती झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. हादरा सीमेच्या अलीकडे बीदर-कलबुर्गीतही जाणवला. जमीन कशी हलली, भिंती का पडल्या, हे शास्त्रज्ञांनी आणि इंजिनिअरांनी सांगितलं. ते समजून घेऊन घरं बांधायलाच हवीत. पण शेजारचं घर उभं राहिलं आणि आमचंच का बसलं, हे ज्या आईला विचारायचं आहे, तिला भूगर्भशास्त्र काय सांगणार? आणि अशा वेळी ‘कुणाचं पाप भोवलं?’ असं पुटपुटणारे गावोगावी भेटतात.

लूकच्या शुभवर्तमानात येशूसमोर हाच प्रश्न येतो. यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. येशू ठाम सांगतो की ती माणसं इतर यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी नव्हती. मग तो तिथे उभ्या असलेल्यांनाच म्हणतो : तुम्ही आपलं जीवन बदला. ढिगाऱ्याखाली गेलेल्यांचा हिशेब मांडण्याचं काम तो आपल्याला देत नाही. जे वाचले, त्यांनी आता कसं जगायचं, एवढंच तो विचारतो.

हे कुणी जगून दाखवलं का, असं कुणी विचारलं तर मी पंडिता रमाबाईंचं नाव घेईन. त्यांची गोष्ट कलबुर्गीपर्यंत येते, म्हणून ती आपल्या जास्त जवळची. रमाबाई १८५८ मध्ये जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरत. व्रत, दान, पूजा यांत त्या घरानं काही कमी ठेवलं नव्हतं. दुष्काळानं ते कुटुंब उपाशी पडलं. वडील गेले, काही महिन्यांत आई, मग थोरली बहीण. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीनं गेले. तेव्हा रमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या आणि मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. प्रभूचं नाव घेतलं की दुःख सरतं, असं शिकवणाऱ्यांनी यापुढचं आयुष्य लक्ष देऊन वाचावं. लहानपणी सोसलेल्या भुकेचं कारण रमाबाईंना बाप्तिस्म्यानंतरही कुणी सांगितलं नाही. पण १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा आपण काय करायचं याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. त्या तिकडे गेल्या, उपासमारीतल्या मुलींना आणि विधवांना घेऊन आल्या, आणि केडगावला त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ हा आश्रम उभा राहिला. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतल्या मुली आल्या. विधवांचे हाल हे त्यांचं नशीब आहे, असं त्यांनी कधी मानलं नाही. जे दुःख माणसांनी लादलेलं होतं त्याच्याशी त्या भांडल्या. जे कळत नव्हतं, त्यासाठी त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

१९१२ मध्ये मनोरमाबाईंच्या मदतीनं त्यांनी गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, ख्रिस्ती हायस्कूल सुरू केलं. केडगाव, सोलापूर, गुलबर्गा ही एकाच रेल्वेमार्गावरची गावं, आणि शिक्षणाची गरज इथे मोठी होती. आईचं काम पुढे नेणार त्या मनोरमाबाईच, असं सगळे धरून चालले होते. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्या गेल्या. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, कानांनी ऐकू येणं जवळजवळ थांबलं होतं. ज्या विश्वासासाठी त्यांनी समाजाचा रोष पत्करला, त्यानंही त्यांची लेक राखली नाही.

त्या वेळी त्यांच्यासमोर एक काम होतं : अवघ्या बायबलचं साध्या मराठीत भाषांतर, थोडंफार वाचता येणाऱ्या बायकांनाही समजेल असं. लेकीच्या मागे नऊ महिनेही त्या जगल्या नाहीत, ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. भाषांतर मात्र त्यांनी पुरं केलं होतं. त्यात ईयोबाचं पुस्तकही आहे.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. आज्ञापालन म्हणजे तोंड बंद ठेवणं नव्हे. गेथशेमाने बागेत येशूनं हा प्याला टळावा अशी प्रार्थना केली, तीही पुन्हा पुन्हा. वधस्तंभावर त्यानं ‘का?’ असं मोठ्यानं विचारलं, आणि आकाशातून उत्तर आलं नाही. इब्री लोकांस पत्रात तर म्हटलं आहे की पुत्र असूनही तो दुःख सोसता सोसता आज्ञापालन शिकला. ज्याला आपण प्रभू म्हणतो, त्यालाही ते सोसूनच शिकावं लागलं. मग शोकात असलेल्या बहिणीनं रडू नये, विचारू नये, रागावू नये, अशी अपेक्षा करणारे आपण कोण? देव दुःख का येऊ देतो याचं उत्तर वधस्तंभ देत नाही. देव त्या दुःखात उतरला, एवढं तो दाखवतो. मी त्याच्या भरवशावर उभा आहे. पण मुलाची माती नुकतीच झालेल्या घरात हे वाक्यही मी पहिल्या दिवशी बोलणार नाही.

शेजाऱ्यावर प्रीती करा, अनाथ-विधवांची काळजी घ्या, एकमेकांची ओझी वाहा. यांतली एकही आज्ञा कारण कळल्यावरच लागू होते, असं कुठे लिहिलेलं नाही. म्हणून शोकाच्या घरी जाताना स्पष्टीकरण घेऊन जाऊ नये. डबा न्यावा. हैदराबाद किंवा सोलापूरच्या दवाखान्याची फेरी आपल्याकडे घ्यावी. पोरांच्या शाळेची फी कोण भरणार ते मंडळीत बसून ठरवावं. पेरणी अडली असेल तर चार जणांनी मिळून उरकून द्यावी. महिन्याभरानं, सगळे आपापल्या कामाला लागल्यावर, पुन्हा त्या दारात जावं. आणि ज्याच्यावर दुःख कोसळलं आहे, त्यानं आपला विश्वास कमी पडला का, असा हिशेब मांडत बसू नये. रडत का होईना, आज जे हातून होईल तेवढं करावं. देव त्याहून जास्त मागत नाही, आणि मंडळीनंही मागू नये.

पुढच्या आठवड्यात : स्तोत्रसंहितेतली विलापाची स्तोत्रं. देवाकडे तक्रार कशी मांडावी, हे ती आपल्याला शिकवतात. त्यांतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. वाचक भगिनी-बंधूंनी ते आधी एकदा वाचून ठेवावं.