आठ, पस्तीस, एक्केचाळीस

तान्ह्या बाळाला एकाएकी धाप लागते. एक्स-रे काढला जातो आणि फुप्फुसात हवेने भरलेली एक पोकळी दिसते. बालशल्यचिकित्सकाला हे चित्र अनोळखी नसतं. फुप्फुस घडताना राहून गेलेला जन्मजात दोष समजून पोकळी काढायची, आईवडिलांना धीर द्यायचा आणि टाके सुकले की घरी पाठवायचं. बहुतेक वेळा यात काही चूक नसते. फार क्वचित मात्र त्या पोकळीच्या पातळ भिंतीत कर्करोगाची सुरुवात झालेली असते.

ती भिंत मायक्रोस्कोपखाली पाहावी. आतल्या बाजूला पेशींचं नीटस अस्तर असतं, निरोगी फुप्फुसात शोभावं असं. त्या अस्तराच्या लगेच खाली, कुठे कुठेच, गडद केंद्रकाच्या बारीक, अर्धवट घडलेल्या पेशींची दाटी दिसते. एका जागी ती ठळक असते, तर शेजारच्याच कापात तिचा मागमूस नसतो. काप दुसरीकडून घेतला गेला तर रिपोर्टात साधी पोकळी असंच येणार. लहान मुलांच्या गाठी तपासण्यात हयात घालवलेल्या पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावरही असा काप आला तर एखाददुसऱ्या वेळी. मग ओळखणार कोण?

या आजाराचं नाव प्ल्यूरोपल्मोनरी ब्लास्टोमा, डॉक्टरांच्या बोलण्यात पीपीबी. मोठ्या माणसांच्या फुप्फुसातल्या गाठींपासून तो १९८८ साली वेगळा ओळखला गेला. त्याच्या आदल्या वर्षीच, १९८७ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटात त्याची आंतरराष्ट्रीय रजिस्ट्री सुरू झाली होती. बालकर्करोगतज्ज्ञ जॅक प्रीस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट लुई डेनर ही नावं या कामाशी कायमची जोडली गेली. पद्धत अगदी सरळ होती. जगात कुठेही असा संशय आला की तिथल्या डॉक्टरांनी, आईवडिलांच्या संमतीने, काचेच्या स्लाइड, मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, स्कॅन आणि उपचारांचा तपशील पाठवायचा. आजार नेहमी पाहणाऱ्या तज्ज्ञांनी ते सगळं पुन्हा तपासायचं आणि कळवायचं. पाठवणाऱ्याला मत मिळे, आणि रजिस्ट्रीत एक ओळ वाढे.

या ओळींनी काय दाखवलं ते पाहू. पीपीबीचे तीन प्रकार दिसत होते. पहिल्यात नुसती पोकळी, दुसऱ्यात पोकळी आणि भरीव गाठ दोन्ही, तिसऱ्यात सगळा भरीव, आक्रमक गोळा. हे तीन वेगळे आजार आहेत की एकाच आजाराच्या तीन अवस्था? एका रुग्णाकडे पाहून हे सांगता येत नाही, कारण गाठ सापडली की ती काढतात. ती पुढे कशी वाढते हे बघत कोण बसेल? पण २०१५ मध्ये तज्ज्ञांनी खात्री केलेल्या ३५० रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली, आणि निदानाच्या वेळचं मधलं वय पहिल्या प्रकारात ८ महिने, दुसऱ्यात ३५ आणि तिसऱ्यात ४१ महिने निघालं. आजार एकच आहे आणि तो पायरी पायरीने चढतो, ही शंका आधीपासून होती. वयांच्या या रांगेने तिला भक्कम आधार दिला. ज्या मुलांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही, त्यांच्या वयांतून एका गाठीचं चरित्र उभं राहिलं. मला तर या तीन आकड्यांपुढे मोठमोठ्या यंत्रांची नवलाई फिकी वाटते.

शिवाय या रांगेला दुसरी एक रांग चिकटलेली आहे. निदानानंतर पाच वर्षांनी जिवंत असलेली मुलं पहिल्या प्रकारात ९१ टक्के, दुसऱ्यात ७१, तिसऱ्यात ५३. म्हणजे तान्हेपणी पोकळी ओळखून काढली, तर दोन-तीन वर्षांनी येणारं मोठं संकट बऱ्याच मुलांच्या बाबतीत टळतं. इतक्या दुर्मीळ आजारात मुलांचे दोन मोठे गट करून औषधांची तुलना करायची सोयच नसते. मुलं आणायची कुठून? त्यामुळे कोणाला कोणती औषधं दिली आणि पुढे काय झालं, हे जपून ठेवलेले तपशीलच वाट दाखवतात. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात आजार मेंदूत पसरण्याची भीती मोठी असते, हेही अशा नोंदींतूनच स्पष्ट झालं. म्हणून आता या मुलांच्या मेंदूचा एमआरआय लक्षणांची वाट न पाहता ठरावीक काळाने करतात.

पण रजिस्ट्रीतला सगळ्यात फळलेला प्रश्न गाठीबद्दल नव्हताच. घरात आणखी कोणाला काय झालं होतं, असं विचारलं जाई. उत्तरं विस्कळीत वाटत. भावाच्या किडनीत पोकळ्या, बहिणीच्या अंडाशयात गाठ, आत्याला गलगंड. गावच्या डॉक्टरने ऐकून सोडून द्यावं असंच हे सगळं. पण एका घराखाली दुसरं घर लिहिलं गेलं, आणि तेच तेच अवयव पुन्हा पुन्हा वर येऊ लागले. पीपीबी ही घराण्यातल्या आजाराची खूण असू शकते, हे प्रीस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलं. पुढे ॲशली हिल आणि सहकाऱ्यांनी अशा ११ कुटुंबांत डायसर-१ या एकाच जनुकात बिघाड दाखवला. ते साल होतं २००९.

डायसर हे पेशीतलं कापणारं प्रथिन. आरएनएचा दुमडलेला धागा कापून ते साधारण २२ अक्षरांचे बारीक तुकडे करतं, आणि हे तुकडे कोणतं जनुक किती बोलेल यावर लगाम ठेवतात. एखाद्या कात्रीला दोन पाती असावीत तशा डायसरलाही दोन धारा असतात. आईकडून किंवा वडिलांकडून आलेली जनुकाची एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरीवर काम चालतं. गाठीच्या पेशीत मात्र ही दुसरी प्रतही बदललेली असते, आणि तोही बदल कुठेही झालेला नसतो. तो येतो एकाच धारेच्या मोजक्या चार-पाच ठिकाणी. डायसर नाहीसं होत नाही. एका बाजूने बोथट होऊन ते काम करत राहतं, आणि ठरावीक तुकडे तयारच होत नाहीत. फुप्फुस, अंडाशय, थायरॉइड या एरवी परस्परांशी संबंध नसलेल्या अवयवांत हीच मोजकी ठिकाणं सापडतात. आत्याचा गलगंडही मग उलगडतो. डायसर-१चा बिघाड असलेल्या दर चार स्त्रियांपैकी सुमारे तिघींना चाळिशीपर्यंत थायरॉइडच्या गाठी होतात किंवा त्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागते.

जाता जाता एक योगायोग. ज्या १९८७ साली मिनेसोटात ही रजिस्ट्री सुरू झाली, त्याच साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरी भागातली मुंबईची नोंदणी त्याआधीची, १९६३ पासूनची. बार्शीची माणसं गावोगाव जाऊन लोकांशी बोलत, लक्षणं समजावत, आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यावर सापडू लागला. दोन्हींचं काम अगदी वेगळं. बार्शीत एका भागातल्या सगळ्या रुग्णांची मोजणी, तर मिनेसोटात जगभर विखुरलेल्या मूठभर मुलांचा शोध. चिकाटी मात्र दोन्हीकडे लागली.

आज एखाद्या घरात डायसर-१चा बिघाड माहीत असेल, तर बाळाची रक्ततपासणी करता येते. बिघाड निघालाच तर जन्मानंतर छातीचा एक्स-रे, काही महिन्यांत सीटी स्कॅन, आणि पुढे वयाच्या आठव्या वर्षापर्यंत ठरावीक काळाने एक्स-रे, असा सल्ला २०१८ पासून दिला जातो. ज्या पोकळीने पूर्वी धाप लागेपर्यंत पत्ता लागू दिला नसता, ती आता बाळ खेळत असताना सापडते.

याच तपासण्यांतून एक वेगळंच कोडं वर आलं. भावंडांच्या आणि पालकांच्या छातीतही जुन्या, निवांत पोकळ्या दिसू लागल्या. त्यांच्यात त्या अर्धवट पेशींची दाटी नाही, आणि माणूस धडधाकट. त्यांना आता वेगळा उपप्रकार मानतात, परतलेला पीपीबी. बिघाड असलेल्या बहुतेक माणसांना फुप्फुसाचा त्रास कधीच होत नाही. एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, घरात सगळ्यात आधी सापडलेला रुग्ण वगळून, त्याच्या बिघाड असलेल्या नातेवाइकांपैकी दहाव्या वर्षापर्यंत सुमारे ५ टक्के आणि पन्नाशीपर्यंत सुमारे १९ टक्के लोकांना गाठ झालेली आढळली. यात थायरॉइडच्या साध्या गाठी धरलेल्या नाहीत. एखादी पोकळी परतते आणि दुसरी बिघडत जाते, हे कशाने ठरतं? ते आगाऊ सांगता आलं तर कितीतरी तान्ह्यांची शस्त्रक्रिया वाचेल. आज सांगता येत नाही, म्हणून तान्ह्यांच्या अशा पोकळ्या सहसा काढाव्याच लागतात. रजिस्ट्रीच्या नावात आता डायसर-१ही आलं आहे, आणि ज्यांच्या फुप्फुसाला कधी काही झालं नाही, त्यांचीही नोंद तिथे घेतली जाते.