वरातीमागून येणारी शिष्यवृत्ती!

१९१३ साली बाविशीतला एक तरुण मुंबईहून अमेरिकेस शिकावयास निघाला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्याला तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. त्या तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर! ही शिष्यवृत्ती छाननीच्या फायलीत अडकून पडली असती आणि कोलंबिया विद्यापीठाचे वर्ष संपल्यावर हाती आली असती, तर या देशाचे केवढे नुकसान झाले असते, याची कल्पना तरी करवते काय?

ही आठवण आम्ही आज मुद्दाम काढीत आहो. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांतून, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतून आणि भामरागडच्या रानांतून दरवर्षी मुलेमुली पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत येतात. कित्येकांच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारे ते पहिलेच. त्यांची सरकारकडे एकच मागणी आहे : द्यावयाचे ते वेळेवर द्या!

कायद्याने हात आखडता घेतलेला नाही, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. अनुसूचित जमातींच्या शिक्षणाची विशेष काळजी घेण्याची जबाबदारी घटनेच्या ४६ व्या कलमाने राज्यावर टाकली आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा लाभ आदिवासींना १९४८-४९ सालापासूनच खुला झाला. ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी महाराष्ट्र सरकारने २०१६ साली 'स्वयम्' योजना काढली आणि मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांना वर्षाकाठी ६० हजार रुपये देऊ केले. मग उणीव कशाची? उणीव आहे ती वेळेची!

कॉलेज पावसाळ्याच्या तोंडी उघडते. खोलीची अनामत त्याच दिवशी मोजावी लागते, खानावळीचा महिना आगाऊ भरावा लागतो, पुस्तके पहिल्या आठवड्यातच हवी असतात. शिष्यवृत्तीचा हप्ता मात्र अनेकदा परीक्षा दाराशी येऊन ठेपल्यावर उगवतो. वरातीमागून घोडे ही म्हण आपण हसण्यावारी नेतो. पण मधल्या महिन्यांत ज्याच्या बापाला सावकाराच्या ओसरीवर बसावे लागते, त्याला हसू कोठून यावे? हप्ता उशिराने का होईना, येतो. परंतु दिवाळीला गावी गेलेला विद्यार्थी परत येतोच असे नाही!

आणि ही मुले काही निमूटपणे सोसत बसलेली नाहीत. वसतिगृहांतील खानावळींऐवजी जेवणाचे पैसे बँक खात्यात भरण्याचे सरकारने २०१८ साली ठरविले, तेव्हा आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या वाटेने पायी निघाले. खात्यावर पैसे जमा होण्याची वाट पोट पाहत नाही, एवढाच त्यांचा साधा युक्तिवाद होता. त्याला उत्तर काय आहे?

उत्तर ठरलेले असते : "छाननी केल्यावाचून पैसा कसा द्यावा? बोगस आदिवासींचा सुळसुळाट झाला आहे." झाला आहे खराच! खोट्या दाखल्यांवर अनेकांनी आदिवासींच्या नोकऱ्या लाटल्या. पण चोर सापडत नाही म्हणून घरधन्यालाच उपाशी ठेवणे, हा कोठला न्याय? छाननी अवश्य करा. पण पहिला हप्ता प्रवेशाच्या दिवशीच हातावर ठेवा. पुढील हप्त्यांच्या तारखा जाहीर करा. महागाई दरवर्षी वाढते, तिच्याबरोबर निर्वाहभत्ताही वाढवा. केंद्राने २०१० साली ठरविलेल्या दरांत वसतिगृहात राहणाऱ्या सर्वांत खालच्या गटातील विद्यार्थ्याला महिन्याला ३८० रुपये मिळत. त्यात एक वेळचा डबा तरी महिनाभर चालला असता काय?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातील कोसबाडला एक धडा घालून दिला आहे. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी त्या मुलांना दोष दिला नाही; शाळाच कुरणावर नेली! दोन स्त्रियांना जे सुचले, ते एवढ्या मोठ्या राज्ययंत्राला का सुचू नये? शिष्यवृत्तीने विद्यार्थ्याकडे चालत जावे. विद्यार्थ्याने तिच्यामागे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू नयेत.

२०११ च्या जनगणनेनुसार या राज्यात एक कोटी पाच लाखांवर आदिवासी आहेत. त्यांच्यातला उद्याचा शास्त्रज्ञ, डॉक्टर किंवा घटनापंडित या घटकेस कोणत्या कोंदट खोलीत हप्त्याची वाट पाहत बसला आहे, हे कोणी सांगावे? त्याला दया नको आहे. त्याच्या हक्काचे पैसे त्याला हवेत, आणि तेही भूक लागण्यापूर्वी!