लेखांक सहावा : वाहतूक पासाचं पुस्तक

गेल्या आठवड्यात वनहक्क कायद्यातले वैयक्तिक दावे पाहिले. आता सामूहिक हक्क. ते कलमांवरून समजावून सांगण्यापेक्षा एका माणसाच्या वाटेने गेलेलं बरं : देवाजी तोफा, मुक्काम मेंढा, तालुका धानोरा, जिल्हा गडचिरोली.

मेंढा हे कठाणी नदीजवळचं छोटं गोंड गाव. लेखा गटग्रामपंचायतीतलं, म्हणून बाहेरच्या जगात ‘मेंढा-लेखा’. गावाच्या परंपरागत हद्दीत सुमारे १८०० हेक्टर जंगल. जमीनदारी गेली तेव्हा हे जंगल सरकारकडे आलं आणि गावाच्या वाट्याला निस्तार उरला : सरपण, बांबू, चराई, घरापुरतं लाकूड. पुढे तोही आक्रसत गेला. कुंपणासाठी आणलेल्या चार बांबूंना गार्ड आडवा यायचा आणि त्याच जंगलातला बांबू कंत्राटावर कागद गिरणीला जायचा. हा विरोधाभास कळायला शाळा शिकलेली असावी लागत नाही.

देवाजींच्या पिढीला चळवळ भेटली ती मात्र धरणांमुळे. गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टनम अशी दोन धरणं ठरली होती. १९८४च्या सुमारास ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे त्यात होते, आदिवासी पुढारी लालश्यामशहा महाराज होते आणि गावागावांतली तरणी पोरंही होती. धरणं झाली नाहीत. एरवी अशा विजयानंतर पोरं घरी जातात. इथे एक प्रश्न मागे राहिला : आमचं जंगल बुडवायचं की ठेवायचं, हे ठरवणारे ते कोण?

चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल तेव्हा सर्वसहमतीने निर्णय घेणारं गाव शोधत होते. ते मेंढ्यात आले आणि अभ्यास गट सुरू झाला. माझ्या मते या सगळ्या गोष्टीचं मर्म इथे आहे, मोर्चात नाही. अभ्यास गटात कुणीही यावं, कायदा वाचावा, अधिकाऱ्याला बोलवावं, वाद घालावा. पण निर्णय तिथे घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, बायाबापड्यांसह, आणि तोही मतदानाने नाही. एक जण जरी अडला तरी विषय पुढच्या बैठकीला. वेळ लागतो, फार लागतो. पण एकावन्न विरुद्ध एकोणपन्नास अशा निकालात पडलेल्या एकोणपन्नासांनी रात्री जंगलात जाऊन झाड तोडलं, तर राखण कोण करणार? ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा सगळ्यांना माहीत आहे. तिच्यामागे अशा कितीतरी कंटाळवाण्या बैठका आहेत.

२००६चा वनहक्क कायदा आला तेव्हा म्हणूनच गाव तयार होतं. २००९मध्ये मेंढ्याचा सामूहिक वनहक्क मान्य झाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. कागद हातात आला आणि खरं भांडण तिथून सुरू झालं.

भांडण बांबूचं. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत. १९२७च्या भारतीय वन अधिनियमाने त्याला झाडांत बसवलं. २००६च्या कायद्याने गौण वनोपजांची यादी दिली तिच्यात बांबू स्पष्ट लिहिलेला आहे आणि गौण वनोपजावर मालकी गावाची. एवढं स्वच्छ असताना अडचण कुठे? रस्त्यावर. जंगलातला माल हलवायचा तर तेव्हा वाहतूक पास लागायचा आणि तो वनखातं द्यायचं. बांबू तुमचा, तोडा. पण नाक्यापलीकडे नेता येणार नाही. मालकी अशीच पोकळ केली जाते. कुणी नाकारत नाही, फक्त शिक्का मारत नाही.

मेंढ्याने मागणी केली ती पासाची नव्हे, पास देण्याच्या अधिकाराची. हा फरक अभ्यास गटात बसल्याशिवाय सुचत नाही. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक पासाचं पुस्तक देवाजींच्या हाती देण्यात आलं. ग्रामसभेने स्वतःच्या शिक्क्याने बांबू विकला, स्वतःचं पॅन कार्ड काढलं, पैसा स्वतःच्या खात्यात घेतला.

मला जास्त अवघड वाटतो तो पुढचा टप्पा. जंगल सरकारकडून मागायचं होतं. शेती तर ज्याच्या त्याच्या सातबाऱ्यावर होती. २०१३मध्ये गावकऱ्यांनी महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ या विस्मरणात गेलेल्या कायद्याचा आधार घेऊन आपापली जमीन ग्रामसभेला देण्याचं ठरवलं. कसायचं ज्याने त्याने, पण बाहेरच्याला विकायची नाही. सरकारशी भांडणारे पुष्कळ असतात. स्वतःच्या नावावरचं एकर सोडणारे क्वचित. विनोबांच्या काळात ग्रामदानं उत्साहात झाली आणि बरीचशी कागदावरच विरली. इथे उत्साहाआधी चर्चा झाली होती.

गडचिरोलीत आज शेकडो गावांकडे सामूहिक वनहक्काचं अधिकारपत्र आहे. सगळीकडे मेंढा घडलेलं नाही. काही ठिकाणी कंत्राटदारच ग्रामसभेच्या नावाने कारभार करतो. कारण कागद सरकार देऊ शकतं, बैठकीला बसायची सवय देऊ शकत नाही.

विदर्भातल्या वाचकांना एक सांगणं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१मध्ये निस्तार पत्रकाची आणि कलम १६५मध्ये वाजिब-उल-अर्जची तरतूद आहे. गावकऱ्यांचे जंगल, पाणी, चराई यांवरचे रूढ हक्क त्यांत नोंदलेले असतात. तहसील कचेरीत लेखी अर्ज करून आपल्या गावाच्या नकला मागवा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचा. पुढच्या लेखांकात ही दोन्ही कागदपत्रं कशी वाचायची ते ओळीओळीने पाहू.