थ्रूवेवरचं स्पेलिंग

आमची लेक आल्बनीला असते. तिच्याकडे आलं की ज्या महामार्गावरून हमखास जावं लागतं, त्याचं सरकारी नाव ‘थ्रूवे’. यातला ‘थ्रू’ आपण शाळेत टी-एच-आर-ओ-यू-जी-एच असा घोकून पाठ केलेला. इथे पाटीवर टी-एच-आर-यू, चारच अक्षरं. पाटी रंगवणारा चुकला म्हणावं, तर न्यूयॉर्क राज्याने १९५० साली या रस्त्यासाठी जो कायदा केला त्यातही हेच. नारायण पेठेतल्या छापखान्यात प्रूफं तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. असलं काही दिसलं की हात आपोआप खिशातल्या लाल पेनकडे जातो.

गंमत म्हणजे हेच स्पेलिंग या देशाच्या अध्यक्षाला रेटता आलं नव्हतं. १९०६ साली पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीच्या पैशावर ‘सिम्प्लिफाइड स्पेलिंग बोर्ड’ निघालं आणि त्याने ३०० सोप्या स्पेलिंगांची यादी काढली. थिओडोर रूझवेल्टना ती इतकी पटली की ऑगस्टमध्ये त्यांनी सरकारी छापखान्याला हुकूमच धाडला: यापुढे असंच छापायचं. यादीतले कित्येक शब्द खरं तर आधीच चालू होते. लोकांच्या डोळ्यांत खुपले ते ‘थ्रू’, ‘दो’ (टी-एच-ओ), ‘किस्ट’ (के-आय-एस-टी) असले. वर्तमानपत्रांनी अध्यक्षांच्याच नावाचं स्पेलिंग वेडंवाकडं करून यथेच्छ टवाळी केली. सर्वोच्च न्यायालय बधलं नाही. डिसेंबरात प्रतिनिधिगृहाने रूढ स्पेलिंगच्या बाजूने ठराव केला आणि रूझवेल्टनी हुकूम मागे घेतला. मला कीव येते ती तिथल्या प्रूफवाल्यांची. चार महिन्यांत दोनदा सवय मोडायची!

पुढे ‘शिकागो ट्रिब्यून’चा मालक रॉबर्ट मॅकॉर्मिक याने १९३४ पासून आपल्या पेपरात ‘थ्रू’, ‘दो’, ‘थरो’ चालू केले. मोठा खप, रोजचा वाचक, तरीही ते रुजले नाहीत. १९७५ साली पेपरने नाद सोडला. पेपरात वाचलेलं वहीत उतरवावं तर बाई गुण कापतात, ही तेव्हाची एक अडचण होती. आमच्या नातीचीही तीच तक्रार आहे. “आबा, गव्हर्न्मेंट लिहितं ते चालतं, मी लिहिलं की लाल गोल का?” प्रश्न रास्त आहे.

तिसरा हट्टी माणूस आपल्या ओळखीचा. ग्रंथालयातल्या दशांश वर्गीकरणाचा जनक मेलव्हिल ड्यूई. हा याच आल्बनीत राज्य ग्रंथालयाचा प्रमुख होता. उच्चारात नसलेली अक्षरं त्याने आपल्या नावातूनही काढून टाकली, काही काळ आडनावसुद्धा डी-यू-आय लिहिलं. त्याचं वर्गीकरण जगभर गेलं, स्पेलिंग मात्र एका डोंगराळ मुक्कामापलीकडे सरकलं नाही. लेक प्लॅसिडजवळच्या ‘ॲडिरॉन्डॅक लॉज’च्या नावात ‘लॉज’ एल-ओ-जे असं लिहिलेलं आहे, आणि ‘ॲडिरॉन्डॅक’मधला शेवटून दुसरा सी गायब.

आपल्याकडे साहित्य महामंडळाच्या १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी ‘नांव’, ‘पांच’ यांवरचे अनुस्वार उडवले, कारण मागे सरकार आणि पाठ्यपुस्तकं उभी होती. इंग्रजीला महामंडळच नाही, तिथे हुकूम चालायचा कसा? कोशकार नोआ वेब्स्टरचं उदाहरण बघा. ‘कलर’मधला यू त्याने अमेरिकेत कायमचा घालवला, असं आपण म्हणतो. पण यू नसलेली रूपं इंग्लंडातही आधीपासून अधूनमधून दिसत होती. त्याने दोन चालू रूपांतलं एक उचलून कोशात बसवलं. जिथे स्वतःच्या डोक्यातून काढलं, म्हणजे जिभेला टी-यू-एन-जी आणि बायकांना डब्ल्यू-आय-एम-एम-ई-एन, तिथे त्याचाही कोश हरला.

मग रस्त्यावरच्या ‘थ्रू’ला परवाना दिला कुणी? मला वाटतं, पाटीने. गाडी वेगात असते, वाचायला क्षणभर मिळतो, जागा बेताची. तिथे कुणी व्याकरण तपासत नाही. गाडीतूनच बर्गर घ्यायच्या खिडकीवरही ‘ड्राइव्ह-थ्रू’ याच चार अक्षरांत झळकतं. ‘डोनट’चं असंच. मूळ शब्दाच्या सुरुवातीला डी-ओ-यू-जी-एच, म्हणजे मळलेलं पीठ. आखूड रूप आधीपासून होतं, पण १९५० साली बॉस्टनजवळच्या क्विन्सीतल्या दुकानाने ‘डंकिन डोनट्स’ हे नाव घेतलं, साखळी पसरली आणि न्याहारीच्या खोक्यावर तेच रोज दिसू लागलं. कोशांनी मागाहून नोंद घेतली. आता संगणकही त्याखाली लाल रेघ मारत नाही.

‘लाइट’ची मजल तर कोर्टापर्यंत गेली. मिलर कंपनीने १९७५ साली हलकी बिअर एल-आय-टी-ई अशा नावाने देशभर आणली आणि या शब्दावर हक्क सांगितला. १९७७ साली अपील न्यायालय म्हणालं, ‘लाइट’ हा साधा वर्णनाचा शब्द आहे; स्पेलिंग बदललं म्हणून तो तुमच्या मालकीचा होत नाही. झालं, दार सगळ्यांनाच उघडं. आज खाद्यपदार्थांच्या लेबलांचे सरकारी नियम दोन्ही स्पेलिंगं शेजारी शेजारी ठेवतात. पण दिव्याच्या उजेडासाठी हे स्पेलिंग अजून कुणी वापरत नाही. त्याची हद्द फ्रीजपुरती.

म्हणूनच नातीला मी सांगितलं ते असं: डोनट निबंधात बेलाशक लिही. ‘थ्रू’ रस्त्याच्या नावात तसाच ठेव, बाकी वाक्यात सातच्या सात अक्षरं. यावर तिने विचारलं, मोबाइलवर तर सगळे टी-एच-ओ लिहितात, मग ‘दो’ला का नाही? बिचाऱ्याची शिफारस ‘थ्रू’बरोबरच झाली होती, त्याच बोर्डाकडून, त्याच वर्षी. पण ‘जरी’ या शब्दाची पाटी लावावी असं दुकान आजवर कुणी काढलेलं नाही.